‘गोळ्या घेऊन राहिली’

पुण्याहून आलेल्या सरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला सांगून टाकलं, की ऐकण्याच्या भानगडीत तुम्ही पडू नका. तुम्ही प्रश्न विचारा, रेकॉर्ड करा, फाइल पाठवा. ऐकायचं काम पुढे होईल.

“पुढे म्हणजे कोण ऐकणार, सर?” माझ्या सहकाऱ्याने विचारलं.

सरांनी समोरच्या लॅपटॉपचं झाकण हळूच थोपटलं, गुणी मुलाची पाठ थोपटावी तसं. तेवढ्यावरून आम्ही समजायचं होतं.

हे भंडाऱ्यात, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. खाली कुणाच्या तरी साखरपुड्याच्या खुर्च्या लागत होत्या आणि वर आमचं प्रशिक्षण चालू होतं. मी समाजकार्याचं शिक्षण संपवून एका लहानशा संस्थेत नुकती लागले होते. माझं घर पवनीचं, विणकरांचं. सहकारी अड्याळचा. त्याचे आजोबा दुसऱ्याच्या शेतावर राबले, वडील मास्तर झाले आणि हा माझ्यासारखाच नागपुरात शिकून परत आला. वयाने माझ्यापेक्षा लहान, म्हणून मला ताई म्हणायचा. आम्हा दोघांना घेतलं ते आम्ही इथले म्हणून. ‘स्थानिक बोलीची जाण आवश्यक’ असं जाहिरातीत ठळक लिहिलं होतं. ती जाण त्यांना नेमकी कुठे वापरायची होती, हे मला आजवर कळलेलं नाही.

अभ्यास सिकलसेलचा होता. आईबापांकडून मुलांच्या रक्तात उतरणारा हा आजार आमच्या भागात नवा नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि हातापायांत अशा कळा सुटतात की धडधाकट दिसणारं पोर जमिनीवर लोळायला लागतं. नेमाने गोळ्या घेतल्या तर पुष्कळ फरक पडतो. सरांना हे शोधायचं होतं, की सुरू केलेला उपचार लोक मध्येच का सोडतात. प्रश्न चांगला होता. प्रश्नाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

दुपारी सरांनी सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. त्या सॉफ्टवेअरवरही माझा राग नाही, हे आधीच सांगते. ते एक कपाट आहे. मुलाखतींचा मजकूर त्यात टाकायचा, वाचत जायचं, एखादं बोलणं महत्त्वाचं वाटलं की त्याला एक नाव द्यायचं. ‘प्रवासाचा त्रास’, ‘लग्नाची काळजी’ असं काहीही. त्या नावाला कोड म्हणतात. पुढे कधीही त्या कोडवर क्लिक केलं की सगळ्या गावांतल्या लोकांचं त्याबद्दलचं बोलणं एकाखाली एक समोर येतं. पूर्वी हेच काम लोक रंगीत पेन्सिली आणि कात्री घेऊन करायचे. कपाटामुळे पसारा कमी झाला, इतकंच. कुठला कपडा कुठल्या खणात जाईल, हे कपाट ठरवत नाही.

सरांच्या लेखी मात्र ते कपाट नव्हतं, दैवत होतं. पडद्यावर मजकुराच्या कडेने लाल-हिरव्या पट्ट्या उमटल्या की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, गाभाऱ्यात बोलल्यासारखा. “हे स्वतः शब्द मोजतं,” ते म्हणाले. “बोलण्यातली भावनासुद्धा ओळखतं. आणि मुख्य म्हणजे याला पूर्वग्रह नाही. तुम्हाआम्हाला असतो.”

‘तुम्हाआम्हाला’ म्हणताना त्यांनी बघितलं फक्त आमच्याकडे.

*

आसगावच्या त्या घरी आम्ही गेलो तेव्हा पाऊस दडी मारून बसला होता. रोवणा अडला होता, म्हणून बाया घरी सापडल्या. एरवी भाताची रोपं लावायच्या दिवसांत आमच्या भागात मुलाखतीला कोणी सापडत नाही. विहाराशेजारचं घर. मावशी माझ्या आईच्या वयाची, मजुरी करणारी, बोलायला मोकळी. तिची मुलगी अकरावीला, सिकलसेलची पेशंट. मुलीने आम्हाला पाणी दिलं आणि आईशेजारी बसली.

मी संमतीचा कागद वाचून दाखवला, फोन मध्ये ठेवला आणि विचारलं, “मावशी, हिचा उपचार कसा चालू आहे?”

“गोळ्या घेऊनच राह्यली ना जी थे,” मावशी म्हणाली. “रोज घेऊन राह्यली. मी सोता देतो तिच्या हातात. पन मंग दवाखान्यातच गोळ्या भेटल्या नाई. गेलो का म्हनतेत, नाई आल्या, पुढच्या हप्त्यात या. पुढच्या हप्त्यात गेलो, तरी नाई भेटल्या. आता कामधंदा सोडून कितीखेप जाऊ? बोडी आटली, रोवणा अडला, हातात काम नाई. मोटारीनं जाव का पायी जाव?”

बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं. आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

पुढे तिने कळा आल्या तेव्हाची रात्र सांगितली, मुलीचा चेहरा कसा पांढराफटक पडला ते सांगितलं. मी लग्नाबद्दल विचारल्यावर तिने मुलीकडे पाहिलं. म्हणाली, “जा वो, शेळीले पाला टाक.” मुलगी उठून गेली. मावशीने उठून दार लोटलं, खाली बसली, पदर तोंडापर्यंत नेला आणि मग दबक्या आवाजात सांगितलं, की एक स्थळ आपण होऊन आलं होतं, आणि कोणीतरी त्यांना मुलीच्या रक्ताबद्दल सांगितल्यावर ते परत आलं नाही. मुलीला हे माहीत नाही. तिला कळू द्यायचं नाही.

ते लोटलेलं दार हीच मला त्या दिवसाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. फोनमध्ये त्याचा फक्त करकर असा आवाज आला.

तशा पुष्कळ मुलाखती आम्ही केल्या. आसगावात, अड्याळला, तिकडे तुमसरकडे आंबागडच्या बाजूला. गावं वेगळी, घरं वेगळी, पण गोळ्या न मिळाल्याची गोष्ट बहुतेक घरांत निघायची. आम्हाला दोघांना वाटलं, चला, सरांना उत्तर मिळालं. लोक उपचार सोडत नाहीत, उपचारच लोकांना सोडतो. सोपं होतं. इतकं सोपं, की त्याला सॉफ्टवेअर लागलं नसतं.

*

ध्वनिफिती पुण्याला गेल्या. तिथे एका यंत्राने त्या ऐकून त्यांचं छापील मराठी केलं आणि दुसऱ्या यंत्राने त्या मराठीचं इंग्रजी. मध्ये कोणीतरी माणूस तपासायला होता म्हणे. तो कोण होता मला ठाऊक नाही, पण तो पवनी तालुक्यात कधी जेवला नव्हता, हे मी पैजेवर सांगेन.

काही आठवड्यांनी सर पुन्हा भंडाऱ्याला आले. या खेपेला एका हॉटेलच्या एसी खोलीत बैठक. सरांचा चेहरा फुलला होता. त्यांनी पडदा लावला आणि त्यावर शब्दांचा एक ढग आणला. जो शब्द जास्त वेळा आला तो मोठा, कमी वेळा आला तो बारीक. मधोमध, निळ्या रंगात, टरबुजाएवढा एक इंग्रजी शब्द होता: स्टेड. राहिली, राहिला, राहिले.

“बघताय?” सर म्हणाले. “हे मी शोधलेलं नाही. हे आपोआप वर आलंय. गोळ्या घेऊन राहिली. दुखून राहिलं. बसून राहिली. प्रत्येक मुलाखतीत. गोळी घेतली की पेशंट घरात राहतो. जग पुढे जातं आणि हा माणूस मागे राहतो. राहून जाणं! काय विलक्षण शब्द दिलाय या लोकांनी.”

मी सहकाऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

“सर,” मी म्हटलं, “ते राहणं म्हणजे घरी राहणं नाही. आमच्याकडे ‘घेते आहे’ असं कोणी म्हणत नाही, ‘घेऊन राहिली’ म्हणतात. गोळ्या घेऊन राहिली म्हणजे गोळ्या चालू आहेत.”

“हो हो, ते नागपुरी बोलतात तसं. माहितीये मला.” सर हसले. त्यांना ते माहीत होतं, एखाद्या विनोदी नाटकातला नोकर बोलतो तितपत. “पण मुद्दा वेगळा आहे. भाषा काही उगाच बनत नाही. एखादा समाज प्रत्येक क्रियेला ‘राहणं’ जोडतो, तेव्हा त्यामागे काही जगणं असतंच ना?”

“सर, मग मी आत्ता चहा पिऊन राहिलो,” सहकारी कप उचलून म्हणाला.

“झाला असेल पिऊन तर या इकडे,” सर म्हणाले, “पुढची स्लाइड बघू.”

आम्ही दोघं हसलो. त्यांना वाटलं, स्लाइडच्या आनंदात हसलो.

पुढच्या स्लाइडवर हसू थांबलं. तिथे दुसरा निष्कर्ष होता: भेटीगाठींचा अभाव. त्याखाली मावशीचंच वाक्य इंग्रजीत. “आम्ही दवाखान्यात गेलो, पण भेट झाली नाही.” मी ते दोनदा वाचलं. मावशी म्हणाली होती, गोळ्या भेटल्या नाही. आमच्याकडे वस्तू मिळते असं कोणी म्हणत नाही. भाजी भेटते, नोकरी भेटते, बस भेटते, गोळ्या भेटतात. यंत्राला वाटलं, भेट म्हणजे माणसामाणसांची भेट. गोळ्या माणसाला कशा भेटतील? म्हणून त्या तपासणाऱ्या शहाण्याने गोळ्या काढून टाकल्या आणि वाक्य नीट केलं. प्रत्येक मुलाखतीत नीट केलं. गोळ्यांचा तुटवडा सगळ्या अभ्यासातून धुऊन निघाला आणि त्या जागी आली एकटी, उदास, कोणी न भेटणारी माणसं.

राहून जाणं आणि भेट न होणं. दोन्ही एकमेकांत इतकी छान बसली, की सरांना शंका येण्याचं कारणच नव्हतं. कोपऱ्यात ‘शरीरातलं पाणी कमी होणं’ असाही एक छोटा कोड होता. मी क्लिक करायला लावलं. आत होतं: “बॉडी आटली.” म्हणजे आमची बोडी. तळं आटलं होतं आणि यांनी बाईला सलाईनच्या लायकीची करून ठेवली होती.

तिन्ही गोष्टी मी सांगितल्या. शांतपणे सांगितल्या, कारण रडकुंडीला आलेल्या बाईचं कोणी ऐकत नाही. सर ऐकत होते, मान हलवत होते. मग म्हणाले, “तुमचं म्हणणं आपण अहवालातल्या मर्यादांच्या परिच्छेदात घालू. बोलीतले काही बारकावे निसटले असू शकतात, असं. पण एक लक्षात घ्या. तुम्ही या लोकांच्या फार जवळ आहात. कधीकधी जवळ असलं की दिसत नाही.”

मी म्हटलं, “मुलाखती मी घेतल्यात, सर. रेकॉर्डिंग लावा आणि ऐका.”

“सगळी?” सर खरोखर दचकले. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रामाणिक भाव मी पाहिला.

*

नियमाप्रमाणे निष्कर्ष पुन्हा त्या लोकांना सांगून, बरोबर आहे का ते विचारायचं असतं. सर म्हणाले, त्याची आता गरज नाही. आम्ही दोघं एका रविवारी सहकाऱ्याच्या मोटरसायकलवर आसगावला गेलो.

मावशी अंगणात तांदूळ पाखडत होती. आम्हाला बघून सूप बाजूला ठेवलं. मी सांगितलं, की अभ्यासात असं निघालं आहे: गोळ्या घेतल्या की मुली घरीच राहतात, कोणाला भेटत नाहीत, एकट्या पडतात.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “कोन म्हनते?”

“तुम्ही म्हणालात असं लिहून आलं आहे.”

“मी?” तिचा आवाज चढला. “माही पोट्टी घरी राह्यते? रोज कालिजात जाते थे पवनीले. आजबी मैतरणीच्या घरी गेली. म्या तुमाले सांगतलं नाई का, गोळ्या नाई भेटून राह्यल्या? एवढा टाइम तुमी मान हालवत बसल्या होत्या. थे बोलनं कोठी गेलं मंग?”

मी तिला यंत्राचं समजावून सांगायला गेले. रेकॉर्डिंगचं मराठी, मराठीचं इंग्रजी. सांगता सांगता माझं मलाच ते इतकं मूर्खपणाचं वाटलं, की मी मध्येच थांबले. सहकारी म्हणाला, “मावशी, तुमी आपल्या भाषेत बोलल्या. त्यायले आपली भाषा समजत नाई.”

“मंग तुमाले कायले पाठवलं होतं?” ती म्हणाली.

तिने चहा केला, आम्ही तो घेतला. निघताना तिने विचारलं, “हे साहेबलोकायच्या समोर जानार हाये का? तेथी तरी सांगा.”

*

ते साहेबलोकांसमोर गेलं. भंडाऱ्यातच बैठक भरली. गावोगावच्या नर्सबाई, आशाताई, दोनतीन डॉक्टर आणि अध्यक्ष म्हणून आरोग्य खात्यातले एक मोठे साहेब. साहेब याच भागातले. सुरुवातीलाच माईक हातात घेऊन त्यांनी विचारलं, “नाश्ता भेटला का सर्वायले?” सगळ्या आशाताई एका सुरात “हाव” म्हणाल्या. मला धीर आला.

सरांनी आपलं सादरीकरण केलं. राहून जाण्याचा निळा ढग पुन्हा पडद्यावर तरंगला. निष्कर्ष: सिकलसेलचे पेशंट उपचार सोडतात, कारण ते सामाजिकदृष्ट्या एकटे पडतात. उपाय: गावोगाव मैत्री गट. महिन्यातून एकदा पेशंटच्या आयांनी एकत्र यायचं, गप्पा मारायच्या, मन मोकळं करायचं. साहेब खूश दिसत होते. का दिसणार नाहीत? गोळ्यांची मागणी आली असती तर कुठून तरी गोळ्या आणाव्या लागल्या असत्या. गप्पा गावात तयारच असतात.

प्रश्नोत्तरांत मी उभी राहिले. म्हटलं, “साहेब, एक दुरुस्ती आहे. लोक म्हणाले, गोळ्या भेटत नाहीत. भाषांतरात झालं, माणसं भेटत नाहीत. आता तुम्हीच विचारलं, नाश्ता भेटला का. म्हणजे नाश्त्याशी ओळख झाली का, असं तर नव्हतं ना विचारलं?”

हॉल खदखदून हसला. मागे बसलेल्या एक नर्सबाई मोठ्याने म्हणाल्या, “गोळ्या तर खरंच नाई येऊन राह्यल्या, साहेब.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला स्पष्ट दिसलं, की या माणसाला सगळं समजलं आहे. सरांना समजलं नव्हतं. ते आपल्या ढगात होते. साहेबांना ‘भेटणं’ म्हणजे काय ते आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं. ते चष्मा पुसत शुद्ध, छापील मराठीत म्हणाले, “हा तांत्रिक स्वरूपाचा मुद्दा आहे. तज्ज्ञांच्या पातळीवर त्याचा स्वतंत्र विचार करता येईल. वेळेअभावी आपण पुढे जाऊ.”

इतका वेळ घरच्या भाषेत बोलणारा माणूस एका वाक्यात पुण्याला जाऊन बसला.

सरांबद्दल मला तोवर चीड होती. त्या क्षणी ती थोडी कमी झाली, कारण ती साहेबांसाठी लागणार होती. न समजणाऱ्या माणसाला निदान समजलं तर तो बदलेल, अशी वेडी आशा धरता येते. समजून न समजल्यासारखं करणाऱ्याचं काय करायचं? त्याच्या हातात सॉफ्टवेअर म्हणजे मोठीच सोय. कोणी विचारलं तर सांगायला बरं, संगणकाने काढलं आहे.

बाहेर पायऱ्यांवर सहकारी मला म्हणाला, “ताई, आपलं नाव त्या अहवालातून काढायले सांगू.” आम्ही दोघांनी सरांना तसं कळवलं. सरांनी लगेच मान्य केलं. इतक्या लगेच, की मला जरा अपमानच वाटला.

*

मैत्री गट सुरू झाले. आसगावात विहाराच्या पडवीत महिन्याच्या महिन्याला बाया जमायच्या. मन मोकळं कसं करायचं, हे शिकवायला एक मुलगी रंगीत चिठ्ठ्या घेऊन यायची. चिठ्ठीवर भावना लिहायची आणि भिंतीवर चिकटवायची. मावशीने मला फोनवर सांगितलं, “आमाले विचारते, तुमाले आतून कसं वाटते. म्या म्हनलं, आतून भूक लागली.”

त्याच हिवाळ्यात तिच्या मुलीला पुन्हा कळा आल्या. भंडाऱ्याला भरती करावं लागलं. मी वॉर्डात गेले तेव्हा मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि दातांत ओढणी धरली होती, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मावशी तिचे पाय चोळत होती. मला बघून तिने सरकून बसायला जागा केली. माझ्या पर्समध्ये फोन होता, पण त्या दिवशी तो मला हातातही धरवला नाही. मुलगी बरी होऊन घरी गेली. जाताना तिच्या हातात थोड्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या की पुन्हा तेच.

पुढे जे झालं ते कोणाच्याच अहवालात नव्हतं. गटाच्या एका बैठकीत बाया चिठ्ठ्या लिहायच्या सोडून एकमेकींना विचारू लागल्या, तुमच्याकडे गोळ्या आल्या का. कोणाकडेच नव्हत्या. तोवर प्रत्येकीला वाटत होतं, आपल्यालाच उशिरा गेल्यामुळे मिळाल्या नसतील, आपलंच काही चुकत असेल. रंगीत चिठ्ठ्यांची मुलगी बिचारी हातात गोंद धरून उभी राहिली आणि बाया पडवीतून उठल्या. चपला घालून सगळ्या एकत्र सरकारी दवाखान्यात गेल्या आणि दारात बसल्या. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, एकेकीने या. मावशी म्हणाली, “एकेकीनं येऊनच तर पाहिलं इतके दिवस.” दुसऱ्या आठवड्यातही त्या गेल्या. शेजारच्या गावचा गटही आला. मग कुठून तरी, कशातरी, गोळ्या आल्या.

मावशीने फोन केला तेव्हा मी पवनीला घरी होते. मला आनंद झाला. खोटं का बोलू, मला हसूही आलं, कारण एका मूर्ख चुकीतून त्या बायांना एकत्र बसायला जागा मिळाली होती आणि त्यांनी तिचा उपयोग केला होता. श्रेय त्यांचं होतं. चूक चूकच होती.

वर्ष उलटल्यावर सरांचा मला फोन आला. आवाजात लोणी. म्हणाले, मैत्री गटांना अपूर्व यश मिळालंय, उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण खाली आलंय, त्यावर आता दुसरा अहवाल करतोय. “एकटेपणा कमी झाला की उपचार टिकतो, हे सिद्धच झालं,” ते म्हणाले. “तुम्ही पुन्हा काही मुलाखती घ्याल का? तुमचं त्या बायकांशी नातं चांगलं आहे.”

“सर, गोळ्या आल्या म्हणून त्या घेताहेत,” मी म्हटलं.

“तोही एक घटक असेल,” सर म्हणाले. “आपण त्याला उपकोड देऊ.”

मी मुलाखती घेणार नाही असं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. अशा माणसांना आमच्यासारखी दुसरी कोणीतरी भेटतेच.

सहकारी आता नागपुरात दुसऱ्या संस्थेत आहे. मी इथेच, भंडाऱ्यात. तेच सॉफ्टवेअर मीही वापरते आणि मला ते उपयोगी पडतं. फक्त रेकॉर्डिंग मी स्वतः ऐकते, स्वतः बसून टाइप करते, जशी बाई बोलली तशी, आणि दार लोटलं तर दार लोटलं असंही लिहिते. माझं काम फार सावकाश होतं म्हणून मला नेहमी बोलणी बसतात. बसू देत. मावशीची मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गोळ्या कधी येतात, कधी थांबतात. थांबल्या की बाया पुन्हा जातात. मागच्या खेपेला त्यांच्याबरोबर ती मुलगीही होती, आणि दवाखान्याच्या दारात सगळ्यात मोठ्याने तीच बोलत होती.